पाचवा उद्गार माझ्या वाट्याला आलाय, आणि मी अडखळत बोलतो

मोसंबीबाग (जालना जिल्हा)

सगळ्यांना जय ख्रिस्त.

उत्तम शुक्रवारला, म्हणजे गुड फ्रायडेला, सोळा दिवस राहिलेत. त्या दिवशी प्रभूनं वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. परवा उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी त्या उद्गारांची वाटणी वाचून दाखवली. पहिला पंचांपैकी एकाला, दुसरा तरुण संघाला, तिसरा भगिनी मंडळाला, असं करत पाचव्याला माझं नाव घेतलं. मला वाटलं चुकून घेतलं. बाहेर चपला घालताना विचारलं तर ते म्हणाले, "चुकून नाही, विचार करून घेतलंय. सात मिनिटं बोला."

मी एक्केचाळीस वर्षांचा आहे आणि कळतं तेव्हापासून अडखळतो. प, त, क या अक्षरांवर घसा बंद होतो. शाळेत हजेरीला 'उपस्थित' म्हणता यायचं नाही म्हणून हात वर करायचो, आणि एका सरांनी वर्षभर मला 'हात' याच नावानं हाक मारली. मोठेपणी एकदा रेल्वेच्या खिडकीवर 'परतूर' निघेना, मागं रांग लागलेली, शेवटी 'सेलू' म्हणालो, सेलूचं तिकीट काढलं आणि परतूरला उतरलो. असे जादा पैसे मी आयुष्यात किती भरलेत ते प्रभूलाच माहीत.

पण ही अर्धीच अडचण आहे. दुसरी मी मंडळीत कुणाला सांगितलेली नाही, इथं नाव नाही म्हणून लिहितो.

आमची दोन एकर मोसंबी होती, सव्वादोनशे झाडं. २०१२-१३ च्या दुष्काळात विहीर आटली. बोअर घ्यायचं ठरलं तेव्हा मंडळीनं तीन दिवस उपास केला. गाडी आली त्या रात्री वीसेक माणसं शेतात उभी राहून प्रार्थना करत होती, मीही. साडेतीनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा निघाला. दुसऱ्या जागी तेच, तिसऱ्या जागी तेच. मे महिन्यात वडिलांनी स्वतः कुऱ्हाड घेतली. वाळलेलं मोसंबीचं लाकूड तोडताना त्यातनंही थोडा वास येतो, तो माझ्या नाकातून गेलेला नाही. त्याच वर्षी आमच्यापासून चार शेतं पलीकडच्या एका भावाला पाणी लागलं आणि त्यानं नाताळच्या उपासनेत साक्ष दिली, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या दिवसापासून मी प्रार्थना करतो, पण ती ऐकली जाते का, हे मला खात्रीनं सांगता येत नाही.

आणि मला आलेला उद्गार आहे, "मला तहान लागली आहे."

पाळकसाहेबांना नाही म्हणून सांगावं असं वाटू लागलंय. तुमचं काय म्हणणं आहे?

---

गोदाकाठ (गेवराई)

भाऊ, नाही म्हणू नका. आत्ता एवढंच, रात्री प्रार्थनेत तुमचं नाव घेते.

---

विश्वासयात्री

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. बोलण्यातला दोष हा अडथळा नाहीच, तो प्रभू काढून टाकील. पण संशयाचं काय? बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात लिहिलंय की मागणाऱ्यानं संशय धरू नये, संशय धरणारा वाऱ्यानं लोटलेल्या समुद्राच्या लाटेसारखा असतो. व्यासपीठ पवित्र आहे. ज्याच्या मनात देव ऐकतो की नाही हाच प्रश्न आहे, त्यानं आधी गुडघे टेकून तो मिटवावा, मग उभं राहावं. मंडळीत नवीन विश्वासणारेही बसलेले असतात.

---

शब्बाथशाळा_जुनी (उदगीर)

विश्वासयात्री, तुमची कळकळ समजते. चौतीस वर्षं शब्बाथशाळा, म्हणजे मुलांची रविवारची बायबलशाळा, घेतली, मुलांना मीही असंच शिकवत होतो. आता शिकवत नाही. का, ते सांगतो.

याकोबाचं ते वचन ज्ञान मागण्याविषयी आहे, देवाला एक आणि जगाला एक असे दोन हात पसरणाऱ्या माणसाविषयी आहे. रात्री शेतात उभं राहून मागितलं, मिळालं नाही, आणि तरी बारा वर्षं दर रविवारी येऊन बसतो त्या माणसाविषयी ते नाही. मार्काचा नववा अध्याय काढा. तिथं एक बाप आहे, त्याच्या मुलाला मुका आत्मा लागलेला, म्हणजे मुलाला बोलता येत नाही. बाप म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच श्वासात दोन्ही. प्रभूनं त्याला असं म्हटलं नाही की जा, आधी अविश्वास घालवून ये, मग मुलाला आण. मुलाला तिथंच बरं केलं.

आणि मत्तयाचा शेवटचा अध्याय. अकरा शिष्य डोंगरावर आहेत, पुनरुत्थित प्रभू समोर आहे, त्यांनी नमन केलं, "पण कित्येकांना संशय वाटला." मत्तयानं हे झाकून ठेवलं नाही. त्याच्या पुढच्याच वचनांत महान आज्ञा आहे, सर्व राष्ट्रांत जाऊन शिष्य करा ही, ती त्या सगळ्यांनाच दिली. संशय वाटणाऱ्यांना बाजूला काढून दिलेली नाही.

आता मोसंबीबाग, तुमच्याशी.

मोशेची गोष्ट तुम्हाला तोंडपाठ असणार, तरी निर्गमाचा चौथा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचा. देव त्याला लोकांपुढं बोलायला पाठवतो, तेव्हा मी जड मुखाचा, जड जिभेचा आहे, असं तो म्हणतो. देव त्याला विचारतो, मुख कोणी केलं? मोशे तरीही म्हणतो, दुसऱ्या कोणाला पाठव. देव रागावतो, हेही तिथंच आहे. पण रागावून तो काय करतो ते पाहा. जीभ मोकळी करत नाही. त्याच्या भावाचं, अहरोनाचं नाव घेतो आणि सांगतो की तो तुला भेटायला निघालाच आहे. म्हणजे मोशे नको नको म्हणत होता तेव्हाच अहरोन वाटेवर होता. आयुष्यभर शिकवूनही हे 'निघालाच आहे' माझ्या लक्षात साठीनंतर आलं. विश्वासयात्रींनी लिहिलंय की दोष प्रभू काढून टाकील. काढीलही. मोशेच्या बाबतीत काढल्याचं कुठं लिहिलेलं मात्र नाही.

तुमचा उद्गार मूळ ग्रीकमध्ये एकच शब्द आहे, 'दिप्सो'. सातांतला सर्वांत लहान. आणि योहान म्हणतो, शास्त्रलेख पूर्ण व्हावा म्हणून प्रभू तो बोलला. स्तोत्र २२ काढा, वचन १५. खापरीसारखी शक्ती सुकली आणि जीभ टाळूला चिकटली, असं तिथं आहे. वधस्तंभावरच्या माणसाची जीभ, भाऊ. टाळूला चिकटलेली. तुम्ही एक्केचाळीस वर्षं ज्याला लाजत आलात, ते त्या दुपारी प्रभूच्या तोंडात होतं. त्या तोंडातून एक शब्द निघाला, तोही पाणी मागायला. आणि मिळाली ती आंब, म्हणजे आंबलेला द्राक्षारस, स्पंजात भिजवून, एजोब नावाच्या झुडपाच्या काठीवर.

हा उद्गार तुमच्याशिवाय कोणाला द्यायचा होता पाळकसाहेबांनी? मला तर त्यांचं कौतुक वाटतं.

---

मांजराकाठची

काका, स्तोत्र २२ चं हे मला कधी दिसलंच नव्हतं. वाचून हात थांबले.

मी लातूरची. २०१६ ला मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि शहरात टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावलं होतं. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लोक स्टेशनवर बघायला गेले होते, मीही लेकराला कडेवर घेऊन गेले. त्या दिवशी माझ्या तोंडून प्रार्थना म्हणून काहीच निघालं नाही. नुसतीच बघत होते. माझी सासू शेजारी उभी राहून हलक्या आवाजात 'धन्यवाद बापा' म्हणत होती आणि मला तिचा राग आला होता, की आधी सगळं आटवून मग दुसऱ्या जिल्ह्यातून गाडीनं पाठवलं त्याचे आभार काय मानायचे? आज एवढ्या वर्षांनी हे पहिल्यांदा लिहितेय. सासू आता नाही.

पण मला दुसरंच सांगायचंय. आमची पणजी सांगायची, गावच्या विहिरीत तिला पोहरा टाकता येत नसे. काठाशी घागर ठेवून उभं राहायचं, वरच्या कुणाला दया आली तर तो वरून ओतणार, नाही आली तर ऊन उतरेपर्यंत उभं राहायचं. तिनं ख्रिस्ताचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते एका भजनात नाही, उपदेशात नाही, तर शोमरोनी बाईच्या गोष्टीत, यहूदी ज्यांच्याशी व्यवहार ठेवत नसत त्या लोकांतली ती. विहिरीपाशी बसलेला प्रभू त्या बाईला म्हणतो, मला प्यायला दे. पणजीनं गोष्ट सांगणाऱ्या बाईला तीनतीनदा विचारलं म्हणे, "त्यानं तिच्या हातचं मागितलं? नक्की मागितलं?" पुढचं जिवंत पाण्याचं वगैरे नंतर. तिला आधी हेच पुरलं, की त्यानं मागितलं.

योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू दोनदा तहानेला दिसतो, चौथ्या अध्यायात विहिरीपाशी आणि एकोणिसाव्यात वधस्तंभावर. दोन्ही वेळा देणाऱ्याच्या हातात काय आहे ते न बघता मागतो. भाऊ, तुमच्या सात मिनिटांत हे कुठं बसलं तर घ्या. पणजीचं आहे, माझं नाही.

---

मोसंबीबाग

मांजराकाठची ताई, माझ्या आजीचं माहेर बेथेलकडचं. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात वसवलेलं गाव ते. १८४३ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला ब्राह्मण माणूस इकडं आला आणि ज्यांची सावली नको होती त्यांच्यासाठी त्यानं वस्ती उभी केली. आजीही विहिरीचं असंच सांगायची. तिथली विहीर आपली, तिच्यात पोहरा आपला, हे तिच्या लेखी सुवार्तेचंच एक वचन होतं.

काकांचं लिहिणं मी चारदा वाचलं. जास्त लिहिता येत नाही आत्ता.

---

वाचाउपचार (छत्रपती संभाजीनगर)

मी ख्रिस्ती नाही, हा धागा एका मैत्रिणीनं पाठवला. अडखळत बोलणाऱ्यांसोबत काम करते म्हणून विचारते. मोसंबीबाग, उपासनेत सगळे मिळून जी प्रार्थना म्हणतात, ती म्हणताना तुम्ही अडकता का? आणि गाताना?

---

मोसंबीबाग

नाही. गाताना कधीच नाही. आणि प्रभूची प्रार्थना मंडळीसोबत सरळ निघते, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'मधल्या 'पित्या'वरही नाही अडकत. घरी एकट्यानं म्हणताना त्याच 'पित्या'वर उभा राहतो. मला वाटायचं, हा माझ्या विश्वासाचाच दोष, चारचौघांत असताना येतो आणि एकटा असताना जातो.

---

वाचाउपचार

विश्वासाचं मला सांगता येणार नाही, पण हा दोष नाही, हे खात्रीनं सांगते. अडखळणाऱ्या बहुतेक माणसांचं असंच होतं. दुसऱ्याच्या आवाजासोबत बोललं की अडखळणं खूप कमी होतं, पुष्कळांचं जवळजवळ थांबतं. गाण्यातही तसंच. हे भित्रेपणानं होत नाही, विश्वास कमी पडल्यानं होत नाही, आईबापांच्या चुकीनं होत नाही. मेंदूत बोलण्याची जुळवाजुळव ज्या पद्धतीनं होते, त्यातला तो फरक आहे. लहान मुलांपैकी साधारण शंभरात पाच जणांना काही काळ असतो, बहुतेकांचा जातो, मोठेपणी शंभरात एकाचा राहतो.

एकच सुचवते. भाषण लिहून काढा आणि कुणातरी सोबत वाचा, त्या माणसानं तुमच्या शेजारी उभं राहून हळू आवाजात तेच वाचायचं. आणि ज्या शब्दावर अडकता तो बदलू नका. शब्द चुकवत गेलं की भीती वाढते. अडकलात तर अडकून राहा, घाई करू नका, ऐकणाऱ्यांना थांबता येतं.

---

शब्बाथशाळा_जुनी (उदगीर)

ताई, आपण ख्रिस्ती नाही म्हणालात आणि निर्गमाचा चौथा अध्यायच सांगितलात. अहरोनाविषयी देव मोशेला म्हणतो, "तो तुझे मुख होईल." धन्यवाद.

---

पूर्णाकाठ (परभणी)

आम्ही माळकरी घरातले, तरी लिहितो. आमचा काका तोतरा होता आणि कीर्तनात टाळ धरून उभा राहायचा, कारण अभंग म्हणताना जीभ अडत नाही. गावात त्याला पांडुरंगाची कृपा म्हणायचे. टिळकांनी, म्हणजे नारायण वामन टिळकांनी, तुकोबांना ख्रिस्ताकडं नेणारा पूल म्हटलं होतं असं वाचलंय. तो पूल दोन्हीकडून चालता येतो असं मला वाटतं. उभे राहा भाऊ.

---

मोसंबीबाग

पाळकसाहेबांना हो कळवलं.

माझी लेक अकरावीत आहे, तिला विचारलं शेजारी उभी राहशील का. ती म्हणाली, "काहून नाही?" रोज रात्री जेवणं झाली की दोघं बसतो. पहिल्या रात्री तिनं मधेच थांबून विचारलं, "पप्पा, यात बोअरचं काहीच नाही?" मी तिला बोअरचं कधी सांगितलेलं नव्हतं, आजोबांनी सांगितलेलं. मग ते पान फाडलं. आता नवीन लिहिलंय त्यात आहे.

एक अडचण आहे. बोअरचं लिहिलं की शेवट कसा करावा हे कळत नाही. साक्षीला शेवट असतो, पाणी लागलं म्हणून. माझ्याकडं तो नाही.

---

मांजराकाठची

शेवट नको करू भाऊ. आपल्या मंडळ्यांत बोअरला पाणी लागलेलेच उभे राहतात. न लागलेले मागच्या बाकावर टाळ्या वाजवतात आणि त्यांना वाटतं आपणच एकटे. स्तोत्र ८८ वाचा, ते अंधारातच संपतं, शेवटच्या ओळीतही उजेड नाही. कोणी त्याला पुढं दोन ओळी जोडल्या नाहीत, आणि ते पवित्र शास्त्रातच आहे.

पंडिता रमाबाईंचं पाहा. आईवडील दुष्काळात उपासमारीनं गेले. पुढं हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणण्याचं काम हातात घेतलं. ते सुरू असतानाच १९२१ ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही काम केलंच, आणि १९२२ च्या ५ एप्रिलला स्वतः गेल्या. लेकीला काहून नेलंस, याचं उत्तर त्यांना इथं मिळालं असेल असं मला वाटत नाही. पानं मात्र पूर्ण झाली.

---

विश्वासयात्री

चार दिवस काही लिहिलं नाही. धागा वाचत होतो.

माझी बायको सहा वर्षांपासून आजारी आहे. मी तिच्यासमोर एकदाही 'कदाचित' हा शब्द उच्चारलेला नाही. मला वाटत होतं की मी उच्चारला तर तिचं बरं होणं माझ्यामुळं थांबेल. मोसंबीबाग, मी तुम्हाला जे लिहिलं ते खरं तर रोज स्वतःलाच सांगतो.

काल रात्री तिला मार्काचा नववा अध्याय वाचून दाखवला. त्या बापाच्या वाक्यावर ती म्हणाली, "हे तुम्ही म्हटलं असतंत तर मला बरं वाटलं असतं." पुढं वाचता आलं नाही.

शुक्रवारी बारा ते तीन आम्ही दोघं घरीच बसणार आहोत. पाचव्या उद्गाराच्या वेळी तुमच्यासाठी प्रार्थना करू. कशी होईल ते माहीत नाही, पण करू.

---

गोदाकाठ (गेवराई)

🙏 विश्वासयात्री भाऊ, वहिनींनाही सलाम सांगा.

---

मोसंबीबाग

शुक्रवार झाला. लिहायला दोन दिवस लागले.

चर्चमध्ये पंखे होते पण दीडच्या सुमारास वीज गेली. चौथा उद्गार संपला, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" त्यावर पेटीवर गीत झालं आणि आम्ही दोघं पुढं गेलो. लेकीनं पदर पिनेनं लावला होता, पहिल्यांदाच साडी नेसलेली, आणि कागद तिच्या हातात थरथरत होता, माझ्या नाही.

पहिलं पान दोघांच्या आवाजात गेलं. पणजीच्या विहिरीचं आलं तेव्हा समोरच्या दोन म्हाताऱ्या माना हलवत होत्या. दुसऱ्या पानावर मोसंबीचं सुरू झालं आणि चारपाच ओळींनंतर लक्षात आलं की माझा एकट्याचाच आवाज येतोय. लेक थांबली होती. तिला रडू येत होतं म्हणून थांबली, की मुद्दाम, ते मी विचारलेलं नाही. मी वाचत राहिलो. साडेतीनशे फूट, फुफाटा, कुऱ्हाड, सगळं वाचलं. आणि मी त्या रात्रीनंतर आजपर्यंत खात्रीनं प्रार्थना केलेली नाही, हे वाचलं. ज्या भावाला पाणी लागलं होतं तो तिसऱ्या बाकावर बसलेला होता.

मग वचन पुन्हा वाचायचं होतं. "मला" निघालं आणि 'त' वर घसा बंद झाला. ताईंनी सांगितलं होतं, शब्द बदलू नका. बदलायला दुसरा शब्दही नव्हता. जीभ टाळूला लागलेली आणि बाहेर टँकरच्या गाडीचा आवाज येत होता, आमच्या कंपाउंडमध्ये तो दिवसाआड येतो. कोणी खोकलं नाही. कोणी माझ्या वतीनं शब्द पूर्ण केला नाही, जे लोक नेहमी करतात. मी उदगीरच्या काकांनी सांगितलेल्या त्या पंधराव्या वचनाचा विचार करत होतो, आणि पहिल्यांदाच असं झालं की अडकलेलो असताना मला लाज वाटत नव्हती. मी एकटा अडकलेलो नव्हतो. मग लेकीनं माझ्या कोपराला हात लावला आणि "तहान" दोघांनी मिळून म्हटलं.

शेवट केला नाही. कागद घडी करून खाली आलो.

बोअरचा प्रश्न आहे तिथंच आहे, हे खरं सांगतो. पण आता तो मी प्रभूला विचारतो, आधी त्याच्याविषयी मनातल्या मनात बोलायचो.

उपासना सुटल्यावर सगळे आधी टँकरकडं धावले, भांडी रांगेला लावून ठेवलेली होती. तिसऱ्या बाकावरचा तो भाऊ माझ्या हंड्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, त्याचंही बोअर तीन वर्षांपूर्वी आटलंय, साक्ष दिलेली असल्यामुळं कुणाला सांगता येत नव्हतं. मग आम्ही पाइप धरून दोघांचे हंडे भरले.

---

बदनापूर_आई

दादा, मी इथं नुसतीच वाचते, पहिल्यांदा लिहिते. माझा मुलगा नववीत आहे, तुमच्यासारखाच अडखळतो. ईस्टरला त्याला वचन वाचायला दिलं होतं, त्यानं पोट दुखतं म्हणून सांगितलं आणि घरी राहिला. तुमचं लिहिलेलं त्याला दाखवलं. त्यानं विचारलं, या काकांशी बोलता येईल का? तुमचा वेळ असेल तेव्हा फोनवर पाच मिनिटं बोलाल का त्याच्याशी?

---

मोसंबीबाग

ताई, फोनवर मी जास्त अडकतो, आणि तोही अडकत असणार. समोरासमोर भेटू. येत्या रविवारी उपासना झाली की मी बदनापूरला येतो, लेकीलाही आणतो. त्याला कोणतं वचन दिलं होतं ते विचारून ठेवा.